नोटीस आली म्हणून घाबरू नका, पण ती फेकूही नका



रेवस ते रेडी सागरी महामार्गाची भाषा बॅ. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून कोकण ऐकत आले आहे. मध्ये बरीच वर्षे हा रस्ता कागदावरच राहिला. आता पुन्हा त्याचे वारे वाहू लागले, रेवदंड्याच्या खाडीवरील नव्या पुलाची गोष्ट निघाली, आणि चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून एकच प्रश्न निघतो: आपली जागा जाणार का? आणि गेली तर आपल्या हाती काय पडणार?

रस्ता हवा की नको, हे गावाने ठरवावे. आम्हाला आज सांगायचे आहे ते वेगळे. सरकारला सार्वजनिक कामासाठी जमीन घेता येते. पण ती कशी घ्यावी याच्या पायऱ्या कायद्याने बांधून दिल्या आहेत. त्यातली एक पायरी गाळली, तर सरकारचे काम बेकायदा ठरू शकते. मात्र पायरी गाळली हे सांगायला जमीनवाल्याला वेळेवर उभे राहावे लागते. आमच्या समाजातली बरीच कुटुंबे तिथेच मार खातात. त्यांची जमीन आधी कागदावर जाते आणि मग प्रत्यक्ष जाते.

एक उदाहरण घेऊ. समजा, चौलच्या एका बौद्ध कुटुंबाची अकरा गुंठे वाडी आहे. सातबाऱ्यावर नाव आजोबांचे. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली. दोन मुलगे मुंबईला, एक गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करून आता घरी बसलेला, दुसरा बेस्टमधून निवृत्त. दोन मुली, एक पोयनाडला दिलेली, एक रोह्याला. वाडीत नारळ आहेत, सुपारी आहे, एक विहीर आहे. गावात फक्त थोरली चुलती राहते आणि वाडी तीच राखते. अशा घरात नोटीस येते ती आजोबांच्या नावाने. चुलतीला वाचता येत नाही. ती कागद देव्हाऱ्यासारखा जपून ट्रंकेत ठेवते आणि 'गणपतीच्या सुटीत पोरं आली की दाखवू' म्हणते. पोरे येतात तेव्हा हरकतीची मुदत संपलेली असते. या चुलतीचा यात काही दोष आहे असे आम्ही मानत नाही. पण मुदत चुलतीसाठी थांबत नाही.

जमीन घेण्याची रीत किती जुनी आहे, हे आपल्याच लेण्यांत कोरलेले आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत चेमुलच्या, म्हणजे आपल्या चौलच्या, दात्यांची नावे आहेत. नाशिकच्या लेण्यांत त्याहून मोलाची एक नोंद आहे. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी एक शेत दिले. राजाचा जावई, मनात आणले असते तर हिसकावूनही घेता आले असते. पण लेखात साफ लिहिले आहे की ते शेत एका ब्राह्मणाकडून चार हजार कार्षापण देऊन विकत घेतले. शेत कोणाचे, कोठले, किंमत किती, सगळे दगडावर. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही पावती आहे! आजच्या भूसंपादन अधिकाऱ्यांनी ती एकदा जाऊन पाहावी असे आम्हाला वाटते.

आपल्या लोकांच्या हाती मात्र पावती फार उशिरा आली. महार वतनाची जमीन म्हणजे नावाला जमीन. तिच्या बदल्यात सरकारची आणि गावाची बिनमोल चाकरी. ही गुलामी मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडले. ते तेव्हा होऊ दिले गेले नाही. वतने रद्द करणारा कायदा आला १९५८ चा, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. चौलपासून जवळच, याच अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी खोतांविरुद्ध कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. शेते पडीक ठेवली, उपाशी राहिले, पण नांगर धरला नाही. बाबासाहेब १९३४ मध्ये चरीला आले होते, आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. त्या कुळांचे एक मोठे दुखणे हेच होते की कसणाऱ्याकडे हक्काचा कागद नसे आणि सारा हिशेब खोताच्या वहीत असे.

म्हणून आमचा आग्रह कागदाचा आहे.

आता कायदा. घटना लागू झाली तेव्हा मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो तेथून काढला आणि कलम ३०० अ मध्ये ठेवला. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, असा त्याचा आशय. पुष्कळांना वाटले, आता हक्क गेला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १६ मे २०२४ च्या कोलकाता महानगरपालिकेविरुद्धच्या निकालात या एका ओळीत सात गोष्टी सामावल्या आहेत असे सांगितले. मालकाला आधी कळवले पाहिजे, त्याची हरकत ऐकली पाहिजे, निर्णय कारणांसह दिला पाहिजे, काम खरोखर सार्वजनिक हिताचे असले पाहिजे, मोबदला वाजवी असला पाहिजे, कार्यवाही नीट आणि मुदतीत झाली पाहिजे, आणि ती शेवटास गेली पाहिजे. नुसते पैसे दिले म्हणजे बाकी सारे माफ, असे होत नाही. सभेत कोणी 'पैसे मिळतात ना, मग कसली हरकत' म्हणाले तर त्याला हे सात सांगा.

रायगडच्या माणसांनी हे न्यायालयाच्या आधी करून दाखवले होते. पेण, उरण, पनवेल तालुक्यांतल्या पंचेचाळीस गावांची जमीन महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेण्याचे घाटत होते. त्या वेळी १८९४ चा इंग्रजांचा कायदा चालू होता. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन अशा कार्यकर्त्यांसह गावेच्या गावे उठली. मोर्चे निघाले ते सर्वांना दिसले. पण मोर्चाइतकेच मोठे दुसरे काम झाले: शेतकऱ्यांनी कायद्यातल्या हरकती एकेकाच्या नावाने लेखी दिल्या. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येणाऱ्या बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. जुन्या कायद्याच्या कलम ११ अ प्रमाणे जाहीरनाम्यापासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही तर सारी कार्यवाही रद्द होते. निवाडा झाला नाही, आणि २००९ मध्ये ती कार्यवाही मुदत संपून गळून पडली. कोणाची मेहेरबानी नव्हती. एक कलम होते, आणि त्या कलमाची तारीख मोजत बसलेली माणसे होती.

याच्या उलट गोष्ट शिरवण्याची, जे आता नवी मुंबईत आहे. तिथल्या काही शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी १९६४ मध्ये अधिसूचना निघाली. शेतकरी निरक्षर. त्यांना समजावून जमिनीचा ताबा त्याच वर्षी घेतला गेला. पुढे निवाडा नाही, मोबदला नाही. १९८१ मध्ये पुन्हा अधिसूचना निघाली, तीही तशीच बुडाली. बापाची पिढी गेली. मुलांनी उच्च न्यायालय गाठले तेव्हा 'फार उशीर केलात' म्हणून अर्ज फेटाळला गेला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०१२ रोजी सांगितले की मालमत्तेचा हक्क हा मानवी हक्कही आहे. अडाणी माणसांना फसवून जमीन घ्यायची आणि नंतर त्यांच्याच उशिराकडे बोट दाखवायचे हे सरकारला शोभत नाही. नव्याने संपादनाची कार्यवाही करून मोबदला द्यावा असा आदेश झाला. हिमाचल प्रदेशातल्या ऐंशी वर्षांच्या एका निरक्षर विधवेलाही, १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीबद्दल, २०२० साली असाच न्याय मिळाला. न्याय मिळाला खरा. पण शिरवण्याला तो मिळायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली, आणि ज्यांनी ताबा दिला त्यांच्यातल्या कितीजणांनी तो पाहिला?

१ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा लागू आहे, २०१३ चा. त्यातल्या पायऱ्या नीट वाचा. आधी सामाजिक परिणामांची पाहणी आणि गावात जनसुनावणी. मग कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना. ती राजपत्रात, दोन वर्तमानपत्रांत, ग्रामपंचायतीत आणि जिल्हाधिकारी, प्रांत, तहसील कार्यालयांत लागली पाहिजे. या तारखेपासून ६० दिवसांत कलम १५ ची लेखी हरकत. हरकत घेणाऱ्याला जिल्हाधिकाऱ्याने समक्ष ऐकलेच पाहिजे; वकील नको असेल तर स्वतः बोला. त्यानंतर कलम १९ चा जाहीरनामा, कलम २१ ची नोटीस आणि शेवटी निवाडा. अधिसूचनेपासून जाहीरनाम्याला बारा महिने, जाहीरनाम्यापासून निवाड्याला बारा महिने. सरकारला ही मुदत वाढवता येते, पण कारणे लिहून. ताबा मोबदला दिल्यावरच. तातडीच्या नावाखाली या पायऱ्या गाळायच्या असतील तर ते फक्त देशाचे संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा किंवा नैसर्गिक आपत्ती यांसारख्या कारणांसाठी. पुढाऱ्याला उद्घाटनाची घाई झाली, हे कारण त्यात बसत नाही.

अनुसूचित जातीच्या कुटुंबाची जमीन घेतली तर कलम ४१ प्रमाणे मोबदल्याचा किमान एक तृतीयांश भाग सुरुवातीलाच पहिला हप्ता म्हणून मिळायचा आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून जातीचा दाखला हरकतीच्या अर्जासोबतच जोडा. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नाही, पण जे दुसऱ्याच्या वाडीत तीन वर्षे किंवा जास्त मजुरीने पोट भरत आले, तेही कायद्याने 'बाधित कुटुंब' ठरू शकतात. चौलच्या वाड्यांत नारळ उतरवणारे, सुपारी सोलणारे हात बरेचदा आपलेच. त्यांनीही पुनर्वसनाच्या यादीत आपले नाव आहे का ते बघावे.

पण थांबा. प्रत्येक जमीन या एकाच कायद्याने घेतली जात नाही. एमआयडीसीसाठी १९६१ चा वेगळा कायदा आहे, त्यात कलम ३२ ची नोटीस येते. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ चा कायदा, तिथे हरकतीला फक्त २१ दिवस. शिवाय महाराष्ट्राने २०१८ साली २०१३ च्या कायद्यात भर घालून काही प्रकारच्या प्रकल्पांना सामाजिक पाहणीतून सूट देण्याची वाट करून ठेवली आहे. ही वाट आम्हाला पटलेली नाही; ज्या पायरीवर गाव बोलू शकते नेमकी तीच काढायची, याला सुधारणा कसे म्हणावे? पण आहे ते आहे. म्हणून नोटीस हाती आली की पहिल्यांदा वरची ओळ वाचा: कोणता कायदा, कोणते कलम, कोणती तारीख. तुमची मुदत त्या तीन गोष्टींत असते. नोटीस ज्या दिवशी मिळाली तो दिवस तिच्या मागे लिहून ठेवा आणि पाकीट फेकू नका, टपालाचा शिक्का त्यावर असतो.

आता पुन्हा त्या अकरा गुंठ्यांकडे येऊ. नोटीस येण्याआधीच त्या घराने काय करायला हवे?

पहिले काम वारस नोंदीचे. आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडून तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) अर्ज द्यायचा. फेरफार मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केला की वारसांची नावे सातबाऱ्यावर येतात. अधिसूचना आधीच निघाली असेल तर कलम ११ मध्येच लिहिले आहे की जाहीरनाम्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्याने जमिनीच्या नोंदी अद्ययावत करायच्या. तेव्हा 'आता काही होणार नाही' असे कोणी म्हटले तर ऐकू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

वारस म्हणजे मुलगेच नव्हेत. पोयनाडची आणि रोह्याची, दोन्ही बहिणी त्यात आल्या पाहिजेत. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा हक्क मुलाइतकाच. मोबदल्याचे वारे आले की एरवी वर्षानुवर्षे न आठवणारी बहीण भावाला अचानक आठवते आणि हक्कसोड पत्राचा कागद पुढे येतो. बहिणीने राजीखुशीने सोडले तर तिची मर्जी. पण कागद वाचून, रक्कम किती येणार ते जाणून. हिंदू कोड बिलासाठी ज्यांनी मंत्रिपद सोडले त्यांची तसबीर भिंतीवर लावून त्याच भिंतीखाली बहिणीचा अंगठा घेणे शोभत नाही, एवढेच म्हणतो.

दुसरे काम, जमीन कोणत्या शर्तीची आहे ते पाहणे. मूळची वतनाची असेल तर सातबाऱ्यावर नवीन शर्त किंवा भोगवटादार वर्ग २ असे असते. कूळकायद्याने मिळालेली असेल तर कलम ३२-म चा दाखला घरात असायला हवा. वर्ग २ म्हणजे सरकारची जमीन असे सांगून काही दलाल कवडीमोलाने सह्या घेतात. तसे नाही. ती जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, पण संपादनात तिचा धारक हा हक्कदारच आहे, आणि त्याला नोटीस, सुनावणी, मोबदला सारे लागू आहे.

तिसरे काम पीकपाहणीचे, आणि वाड्यांसाठी आम्ही यालाच सर्वात महत्त्वाचे मानतो. वाडीत नारळ-पोफळ उभी असते आणि सातबाऱ्यात 'पड' लिहिलेले असते. याची किंमत किती, ते हिशेबाने बघा. केवळ समजण्यासाठी, गुंठ्याला एक लाख भाव धरू. अकरा गुंठ्यांचे अकरा लाख. ग्रामीण भागात त्याला एक ते दोन यांमधला गुणक लावतात. दोन धरला तर बावीस लाख. झाडे आणि विहीर मिळून तीन लाख धरू. झाले पंचवीस. त्यावर कायद्याने तेवढेच दिलासा रक्कम म्हणून, म्हणजे शंभर टक्के. एकूण पन्नास लाख. जमिनीच्या बाजारभावावरचे बारा टक्के व्याज वेगळे. आता झाडे-विहीर नोंदीत नाहीत म्हणून गळाली, तर हाती येतात चव्वेचाळीस. तीन लाखांच्या झाडांपायी सहा लाख गेले! म्हणून ई-पीक पाहणीत दरवर्षी झाडे आणि विहीर नोंदवा. संयुक्त मोजणीला माणसे आली की घरातले एक माणूस त्यांच्यासोबत वाडीभर फिरले पाहिजे, झाडे मोजून आकडा पंचनाम्यावर आला की नाही हे बघून मगच सही करायची. आकडा पटला नाही तर सहीच्या वर तसे लिहायचे. मुंबईकर भावाने या कामासाठी दोन दिवसांची रजा टाकावी.

एक गोष्ट सौद्याची. हल्ली संपादनाऐवजी थेट खरेदीने जमीन घेण्याचीही रीत आहे, आणि त्यात दर थोडा वाढवूनही देतात. तो पर्याय काही घरांना सोयीचा असेल. मात्र सहमतीचे खरेदीखत झाले की तो सौदा झाला. मागाहून 'मोबदला कमी पडला' म्हणून संपादनाच्या कायद्याखाली दाद मागता येत नाही. मोकळा कागद, कोरा स्टॅम्प किंवा मुखत्यारपत्र तर कोणालाच देऊ नका, मग तो आपल्याच पक्षाचा कार्यकर्ता का असेना.

आणि निवाडा झाल्यावर रक्कम कमी वाटली तर कलम ६४ प्रमाणे फेरनिर्णयासाठी लेखी अर्ज करता येतो. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत. हजर नसाल तर जिल्हाधिकाऱ्याची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातले जे आधी संपेल तेवढ्यात. तोवर पैसे घ्यायचे की नाही, असा पेच घराघरांत पडतो; औषधपाणी असते, मुलीचे लग्न असते. पैसे घ्या. पण पावतीवर सही करताना 'रक्कम कमी असल्याने हरकत राखून स्वीकारली' एवढे शब्द स्वतःच्या हाताने लिहा. ते शब्द न लिहिता रक्कम घेतली तर कायद्याने पुढचा अर्ज करण्याचा हक्कच जातो. चुलतीला लिहिता येत नसेल तर नात लिहील, चुलती त्याखाली अंगठा देईल, आणि त्या पावतीची एक प्रत ट्रंकेत राहील.